प्रकल्पाआधीचा पैसा

घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवायच्या 29 विषयांची यादी आहे. तिच्यात पंधराव्या क्रमांकावर अपारंपरिक ऊर्जास्रोत असा विषय स्पष्ट लिहिलेला आहे. बारावी अनुसूची शहरांची. तिच्यात 18 विषय आहेत, पण विजेचा उल्लेख येतो तो फक्त रस्त्यावरच्या दिव्यांपुरता, तोही वाहनतळ, बसथांबे आणि स्वच्छतागृहांच्या जोडीने. म्हणजे सूर्य, वारा, शेण, ओला कचरा यांतून ऊर्जा काढण्याचा विचार करणं हे घटनेने गावाचं काम मानलं, शहराचं मानलं नाही. पुण्याच्या हद्दीत 2017 मध्ये 11 गावं आली आणि 2021 मध्ये आणखी 23. हद्दीत येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत या गावांच्या पंचायतींकडे जो विषय कागदोपत्री होता, तो दुसऱ्या दिवशी कुणाकडेच उरला नाही.

हा तांत्रिक मुद्दा वाटेल, पण पुण्यातल्या अक्षय ऊर्जेच्या बहुतेक अडचणींचं मूळ इथे आहे असं मला वाटतं. महापालिकेत विद्युत विभाग आहे. तो दिवे लावतो, पंपांची आणि इमारतींची वीज सांभाळतो, बिलं भरतो. घनकचरा विभाग आहे, पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण आहे. शहराने आपली ऊर्जा कुठून आणायची याचा विचार करणारं टेबल मात्र यांतलं कुठलंच नाही. टेबल नाही म्हणून लेखाशीर्ष नाही, आणि लेखाशीर्ष नाही म्हणून दरवर्षीची ठरलेली तरतूदही नाही. जे काही होतं ते केंद्राच्या किंवा राज्याच्या योजनेतून अनुदान आलं की होतं. अशा शहराचं सगळं भवितव्य एका प्रश्नावर अवलंबून राहतं: योजनेचा पैसा यंत्रासाठी येतो, की यंत्र घेण्याआधीच्या मोजणीसाठी, आराखड्यासाठी, जागा शोधण्यासाठी आणि हिशेबासाठीही येतो? या दुसऱ्या प्रकारच्या पैशाचा, म्हणजे नियोजन अनुदानाचा, हा आढावा.

देशात शहरांसाठी असा पैसा पहिल्यांदा नीट मांडला गेला तो 2008 मध्ये, नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या सौर शहर कार्यक्रमात. साठ शहरं निवडायची, प्रत्येकाला जास्तीत जास्त 50 लाख रुपये द्यायचे आणि पाच वर्षांत शहराच्या पारंपरिक ऊर्जेच्या अंदाजित मागणीत किमान 10 टक्के घट करायची, असं त्याचं स्वरूप होतं. पन्नास लाखांची फोड विचारपूर्वक केलेली होती. दहा लाखांपर्यंत बृहत् आराखड्यासाठी, दहा लाखांपर्यंत महापालिकेत सौर शहर कक्ष उभारून तो तीन वर्षं चालवण्यासाठी, दहा लाखांपर्यंत पाच वर्षं अंमलबजावणीवर देखरेख ठेवण्यासाठी आणि उरलेले वीस लाख प्रचार-प्रशिक्षणासाठी. पॅनेलच्या खरेदीसाठी यात एक रुपयाही नव्हता. महाराष्ट्रातून नागपूर आदर्श सौर शहर म्हणून निवडलं गेलं. ठाणे, कल्याण-डोंबिवली, औरंगाबाद, नांदेड, शिर्डी ही नावंही यादीत होती.

या कार्यक्रमाबद्दल मला आजही आदर आहे, कारण आधी विचाराला पैसे द्यायचे ही गोष्ट त्याने सरकारी कागदावर आणली. त्याचा कच्चा भाग होता तो कक्षाचा. तीन वर्षांसाठी दहा लाख म्हणजे वर्षाला सव्वातीन लाखांच्या आसपास. एवढ्या पैशात कुठलीही महापालिका ऊर्जेतला जाणकार माणूस पूर्णवेळ ठेवू शकत नाही. मग कक्ष म्हणजे विद्युत विभागातल्या एखाद्या अभियंत्याकडे दिलेला अतिरिक्त कार्यभार. आराखडा बाहेरच्या सल्लागाराने लिहायचा, अभियंत्याने तो सही करून पुढे पाठवायचा, आणि अभियंत्याची बदली झाली की आराखडा कपाटात जायचा. पैशाचा आकारही पाहा: साठ शहरं गुणिले पन्नास लाख म्हणजे सगळ्या देशासाठी जास्तीत जास्त तीस कोटी रुपये. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे तो लागणार आहे.

त्याच काळात पुण्यात जे चाललं होतं त्यात आराखड्याला जागाच नव्हती. 2009-10 च्या सुमारास मॉडेल कॉलनीपासून सुरुवात करून महापालिकेने प्रभागाप्रभागांत ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस काढणारे पाच टनी प्रकल्प उभारले. पुढच्या चार-पाच वर्षांत त्यांची संख्या पंचवीसच्या घरात गेली. कल्पना उत्तम होती. प्रभागातला कचरा प्रभागातच जिरवायचा, गॅसवर जनरेटर चालवून आसपासचे दिवे लावायचे आणि उरुळी देवाची-फुरसुंगीच्या कचरा डेपोत, तिथल्या लोकांच्या डोक्यावर, ओतला जाणारा ढीग कमी करायचा. तिथल्या ग्रामस्थांनी वर्षानुवर्षं आंदोलनं करून शहराला कचऱ्याचा विचार करायला भाग पाडलं, हे पुणेकरांनी कृतज्ञतेने मान्य केलं पाहिजे. पण कल्पनेवरून थेट निविदेवर उडी पडली, आणि मधली पायरी कुणी बांधलीच नाही.

असा प्रकल्प आतून कसा चालतो ते पाहिलं की मधली पायरी म्हणजे काय ते कळतं. सकाळी गाडी येते, कचरा फलाटावर ओतला जातो. हातमोजे घातलेल्या बायका त्यातून प्लॅस्टिकच्या पिशव्या, काच, हाडं, नारळाच्या करवंट्या निवडून काढतात. उरलेला माल क्रशरमध्ये जातो, पाणी मिसळून त्याचा लगदा होतो, लगदा आधी छोट्या टाकीत आणि मग मुख्य डायजेस्टरमध्ये सोडला जातो. तिथे हवेविना जगणारे जिवाणू काही आठवडे त्याच्यावर काम करतात. गॅस वरच्या फुग्यात जमतो, स्क्रबरमधून जाताना त्यातला हायड्रोजन सल्फाइड काढला जातो आणि मग तो इंजिनात जातो. पाच टन चांगला ओला कचरा असेल तर तीनशे-चारशे घनमीटर गॅस आणि पाचशे युनिटच्या आसपास वीज मिळावी, असा साधारण हिशेब. यात ‘चांगला’ या शब्दावर सगळं उभं आहे. एक करवंटी क्रशरच्या पात्यात अडकली की दिवस गेला. हॉटेलचा तेलकट, आंबट माल एकदम जास्त पडला की टाकीतली आम्लता वाढते, जिवाणू मरतात, गॅस यायचा थांबतो आणि शेण घालून टाकी पुन्हा जिवंत करण्यात आठवडे जातात. स्क्रबरकडे दुर्लक्ष झालं की गंधक इंजिन खातं. आणि रोज टाकीतून बाहेर पडणारी पातळ स्लरी कुणीतरी उचलावी लागते. शहरात शेत नाही, ट्रॅक्टर नाही, ती बहुतेक वेळा गटारात जाते.

म्हणून निविदा काढण्याआधी विचारायचे प्रश्न अगदी साधे होते. या प्रभागात वेगळा केलेला ओला कचरा रोज खरोखर किती किलो मिळतो, आणि तो काट्यावर वर्षभर कुणी मोजला आहे का? आंब्याच्या दिवसांत किती, गणपतीत निर्माल्य किती, दिवाळीत हॉटेलं बंद असताना किती? स्लरी कोण नेणार? ठेकेदाराची देखभालीची मुदत संपल्यावर क्रशरचं पातं कोण बदलणार, आणि ते कुठल्या लेखाशीर्षातून? एका प्रभागाची वर्षभराची अशी मोजणी करायला लागतो एक काटा, दोन माणसं आणि एक वही. तेवढं झालं नाही. नागरिक चेतना मंचासारख्या संस्थांनी माहिती अधिकारात नोंदी मिळवून दाखवून दिलं की बरेच प्रकल्प क्षमतेच्या खूप खाली चालतात किंवा बंदच असतात. आणि समजा, सगळे पंचवीस प्रकल्प पूर्ण क्षमतेने चालले असते तरी त्यांनी रोज सव्वाशे टन कचरा पचवला असता. शहराचा रोजचा कचरा दोन हजार टनांच्या वर आहे.

हा दोष तंत्राचा नव्हता. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेलं निसर्गऋण तंत्र राज्यात ठिकठिकाणी वापरलं गेलं. पुण्यातच डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या संस्थेने घरगुती ओल्या कचऱ्यावर चालणारं छोटं बायोगॅस संयंत्र तयार केलं आणि त्यासाठी 2006 मध्ये तिला ॲशडेन पुरस्कार मिळाला. ज्ञान या शहरात होतंच. महाऊर्जा या राज्याच्या ऊर्जा विकास संस्थेचं मुख्यालय पुण्यात, विजेच्या धोरणावर देशभर ज्यांचं म्हणणं ऐकलं जातं तो प्रयास ऊर्जा गट पुण्यात, अभियांत्रिकी महाविद्यालयं तर विचारायलाच नकोत. या मंडळींना महापालिकेच्या कामात वेळेवर, मोबदला देऊन, लेखी जबाबदारी देऊन बोलावण्याची सोय मात्र नव्हती. नियोजन अनुदान म्हणजे ही सोय.

जागेचा प्रश्न तर त्याहून अवघड. बाणेरला हॉटेलांच्या ओल्या कचऱ्याचा प्रकल्प आहे. तिथे कचरा निवडून त्याची स्लरी करतात आणि गॅस काढायला ती तळेगावला पाठवतात. पुढे पीएमपीएमएलच्या बसना बायो-सीएनजी देण्यापर्यंत हे काम गेलं. पण आसपास इमारती उभ्या राहिल्या होत्या, वासाच्या तक्रारी होत्या, आणि ऑक्टोबर 2020 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने प्रकल्प तिथून हलवण्याचा आदेश दिला. चार वर्षांनी, 12 सप्टेंबर 2024 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. ही जागा विकास आराखड्यात कचरा प्रक्रियेसाठीच राखलेली होती, आणि प्रकल्प बंद केला तर तो कचरा शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाहून न्यावा लागेल, हे न्यायालयाने मान्य केलं. निकाल महापालिकेच्या बाजूने लागला याचं मला समाधान आहे. राहणाऱ्यांची तक्रारही मला खोटी वाटत नाही. आरक्षणाचा नकाशा पालिकेकडे होता, बांधकामाच्या परवानग्याही पालिकाच देत होती. प्रकल्पाभोवती किती अंतर मोकळं ठेवायचं, वारा कुठल्या महिन्यात कुठे वाहतो, झाडांचा पट्टा कधी लावायचा, हे पहिल्या इमारतीची वीट बसण्याआधी ठरलं असतं तर दोन्ही बाजूंचा कोर्टातला खर्च वाचला असता. इथेही कमी पडली ती आधीची बैठक, आणि अशा बैठकीला पैसा लागतो: सर्वेक्षणाला, वाऱ्याच्या आणि वासाच्या अभ्यासाला, लोकांशी बोलायला.

आधी बैठक घातली की काय होतं, याचं उदाहरणही पुण्यातच आहे. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 पासून कचरावेचकांचं संघटन करत होती. दारोदार कचरा गोळा करण्याचा प्रयोग आधी लहान प्रमाणावर झाला, घरं मोजली, फेऱ्या ठरल्या, दर महिन्याला घरामागे किती शुल्क परवडेल ते पाहिलं, आणि मग 2008 मध्ये महापालिकेशी करार होऊन ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था कामाला लागली. आज तिच्या तीन हजारांहून अधिक सभासद आहेत. पुण्यात ओला-सुका कचरा जेवढा वेगळा होतो, त्याचं मोठं श्रेय या बायकांना आहे. ‘स्वच्छ’ला कुणी अक्षय ऊर्जेचा प्रकल्प म्हणत नाही, पण वेगळा ओला कचरा हेच बायोगॅसचं इंधन. इंदूरने 2022 मध्ये रोज 550 टन ओला कचरा घेणारा बायो-सीएनजी प्रकल्प सुरू केला तेव्हा देशभर कौतुक झालं. चालवणारी कंपनी तिथल्या महापालिकेलाच वर्षाला अडीच कोटी रुपये देते आणि शहर बसना बाजारभावापेक्षा स्वस्त गॅस देते. पण इंदूरने आधी काही वर्षं घराघरातला कचरा वेगळा करून घेण्यावर घाम गाळला होता, डायजेस्टर नंतर आला. नाशिकला 2017 मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात सार्वजनिक शौचालयांचा मैला आणि हॉटेलांचा ओला कचरा एकत्र कुजवून रोज 3,300 युनिट वीज काढायची होती. जर्मन मदतीतून अभ्यास झाला, आराखडा नीट होता, यंत्रही चांगलं होतं. अडचण आली ती पुरेसा, चांगल्या प्रतीचा ओला कचरा रोज दारात येण्याचीच. आराखडा असूनही पुरवठा बांधला नाही तर काय होतं, ते नाशिकने शिकवलं.

आता मोठ्या पैशाकडे येतो. मुळा-मुठेच्या प्रदूषणमुक्तीसाठी जपानच्या ‘जायका’ संस्थेचं कर्ज आलं, आणि जानेवारी 2016 मध्ये 990 कोटींच्या या प्रकल्पाचा रस्ता मोकळा झाला. त्यातले 85 टक्के केंद्राचं अनुदान. अकरा मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं, मिळून दिवसाला 396 दशलक्ष लिटर क्षमता. मैलापाण्याच्या गाळातून गॅस काढता येतो आणि शुद्ध केलेलं पाणी पुन्हा वापरता येतं, म्हणून अक्षय संसाधनांचा पुण्यातला सगळ्यात मोठा प्रकल्प हाच. पैसा हजर, तांत्रिक अहवाल हजर. तरी भूमिपूजनाला मार्च 2022 उजाडलं, आणि तोवर प्रकल्पाची किंमत 1,470 कोटींवर गेली होती. मधल्या सहा वर्षांत काय झालं? जागा पूर्ण ताब्यात आलेल्या नव्हत्या, आणि आलेल्या निविदा अंदाजाच्या कितीतरी वर होत्या, म्हणून त्या रद्द करून पुन्हा काढाव्या लागल्या. केंद्राचं 85 टक्के अनुदान मिळूनही काम अडलं ते सातबाऱ्यावर आणि एस्टिमेटवर. खर्चात पडलेली भर 480 कोटींच्या आसपास. मघाचा आकडा आठवा: सगळ्या देशातल्या साठ शहरांना विचार करायला ठेवलेली रक्कम तीस कोटी होती.

याउलट 2017 मधलं कर्जरोख्यांचं उदाहरण. समान पाणीपुरवठा योजनेसाठी पुणे महापालिकेने त्या वर्षी जूनमध्ये 200 कोटींचे रोखे 7.59 टक्के दराने काढले. त्याआधी हिशेब दुरुस्त झाले, पतमानांकन झालं, ते एए प्लस आलं, परतफेडीसाठी वेगळं खातं ठरलं. मुंबई शेअर बाजारात रोख्यांची नोंदणी झाली, आणि केंद्राने प्रोत्साहन म्हणून 26 कोटी दिले. हे प्रोत्साहन तयारी पूर्ण होऊन रोखे निघाल्यावर मिळालेलं होतं. पाणीयोजनेचे पुढे काय वाद झाले ते वेगळं, पण पैसा उभा करण्याची तयारी या महापालिकेला जमते हे त्या वेळी सिद्ध झालं. पाण्याची गळती थांबवणं हीही ऊर्जेची बचत आहे. गळून गेलेला प्रत्येक लिटर आधी वीज जाळून शुद्ध केलेला आणि उचललेला असतो.

स्मार्ट सिटी अभियानानेही नियोजनाला पैसे दिले होते. प्रस्ताव तयार करण्यासाठी प्रत्येक निवडलेल्या शहराला दोन कोटी. पुण्याचा प्रस्ताव जानेवारी 2016 च्या पहिल्या यादीत भुवनेश्वरपाठोपाठ दुसरा आला, आणि 25 जून 2016 ला देशभरातल्या कामांचा प्रारंभ बालेवाडीतच झाला. अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांत शहराच्या विजेपैकी किमान 10 टक्के सौर असावी अशी अपेक्षा लिहिलेली होती. पण दोन कोटी होते ते स्पर्धा जिंकण्याच्या कागदासाठी. स्पर्धेचा कागद देखणा करायचा असतो. प्रकल्पाचा कागद कंटाळवाणा असतो, त्यात मीटरचे वाचन, छताचा भार पेलण्याची ताकद आणि देखभालीचं वेळापत्रक असतं. पहिला कागद लिहिणाऱ्याला दुसरा लिहिण्याची सक्ती कुणी केली नाही.

सध्याच्या योजना पाहिल्या तर तराजू पुन्हा यंत्राकडेच झुकलेला दिसतो. फेब्रुवारी 2024 मधल्या पीएम सूर्यघर योजनेचा आकार 75,021 कोटींचा. घराला तीन किलोवॉटपर्यंत 78,000 रुपये अनुदान, आणि आपल्या हद्दीत बसलेल्या प्रत्येक यंत्रणेमागे स्थानिक संस्थेला 1,000 रुपये. यंत्र बसलं की पैसे. पुढे चाललं का, हे विचारायला कुणी नाही. या रस्त्याचा शेवट पुण्याने पाहिला आहे. सौर, गांडूळखत, पर्जन्यसंचय करणाऱ्या सोसायट्यांना महापालिका मिळकत करात 5 ते 10 टक्के सवलत देते. चांगली सवलत आहे, पण पुढे तपासणी करून बंद पडलेल्या यंत्रणांवरची सवलत काढून घेण्याची वेळ आली. पंधराव्या वित्त आयोगाने दशलक्षी शहरांसाठी 38,196 कोटी ठेवले, ते हवा, पाणी आणि घनकचऱ्यासाठी. राज्याच्या माझी वसुंधरा अभियानात अग्नी हे ऊर्जेचं तत्त्व आहे. तिथे काम झाल्यावर बक्षीस मिळतं, तयारीला पैसे मिळत नाहीत. प्रकल्पपूर्व खर्चासाठी केंद्राच्या अर्थखात्याची एक योजना आहे, नोव्हेंबर 2022 मध्ये नव्याने आणलेली, एका प्रस्तावाला पाच कोटींपर्यंत देणारी. पण ती फक्त खासगी भागीदारीच्या प्रकल्पांना. शाळांच्या छतांवर स्वतः सौर पॅनेल लावायला निघालेल्या महापालिकेला तिचा उपयोग नाही. 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पातला एक लाख कोटींचा नागरी आव्हान निधी प्रकल्पखर्चाच्या 25 टक्क्यांपर्यंत देणार, आणि निम्मा पैसा शहराने रोखे, कर्ज किंवा भागीदारीतून उभा करायचा. त्या दारात जाताना हातात पक्का आराखडा हवा, आणि तो आधी कुणी करून द्यायचा हाच प्रश्न आहे.

युरोपात या प्रश्नाला ‘एलेना’ हे उत्तर दिलं गेलं. युरोपीय गुंतवणूक बँक आणि युरोपीय आयोग 2009 पासून ते चालवतात. नगरपालिकेला आराखडा, ऊर्जालेखापरीक्षण, निविदेची कागदपत्रं आणि त्यासाठी नेमलेल्या माणसांचे पगार, या सगळ्याच्या खर्चापैकी 90 टक्क्यांपर्यंत अनुदान मिळतं. बदल्यात अट कडक: दिलेल्या प्रत्येक युरोमागे साधारणपणे किमान वीस युरोंची गुंतवणूक प्रत्यक्षात उभी राहिली पाहिजे, नाहीतर पैसे परत मागितले जाऊ शकतात. मला या रचनेतल्या दोन गोष्टी आपल्याकडे हव्याशा वाटतात. अनुदानातून पालिकेच्याच माणसाचा पगार देता येतो, त्यामुळे ज्ञान कार्यालयात राहतं. आणि अहवाल दिला म्हणून काम संपत नाही, काम उभं राहिलं तरच हिशेब मिटतो. भारतातही फ्रेंच मदतीच्या ‘सिटीज’ कार्यक्रमाने 2018 पासून बारा शहरांना आधी सुमारे वर्षभर प्रकल्प पिकवायला दिलं आणि मग बांधकामाला हात घालू दिला. पुणे त्या बारांत नव्हतं.

गावांकडे पाहिलं की हुरूप येतो. जुन्नर तालुक्यातल्या टिकेकरवाडीने घरोघरी बायोगॅस आणि सौर साधनं आणली आणि ऊर्जेच्या कामासाठी राष्ट्रीय पंचायत पुरस्कार मिळवला. पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी 2024 मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली. लहान वस्तीत मोजणी सोपी असते: कुणाचं छत किती, कुणाकडे जनावरं किती, हे ग्रामसभेत बसलेल्यांना माहीत असतं. पाचशे चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेल्या पुण्यात ही माहिती कुणाच्याच डोक्यात मावणार नाही, ती पैसे देऊन गोळा करावी लागेल. मार्च 2022 पासून शहरात जी वर्षं नगरसेवकांविना प्रशासकांच्या हाती गेली, त्या काळात तर प्रभागाचं ऐकणारं सभागृहही नव्हतं.

म्हणून माझी मागणी थेट महापालिकेकडे आहे, दिल्लीकडे नंतर. साडेबारा हजार कोटींच्या पुढे गेलेल्या अंदाजपत्रकात ऊर्जेच्या पूर्वतयारीचं एक स्वतंत्र लेखाशीर्ष असावं. दहा कोटींनी सुरुवात केली तरी चालेल, पण वर्ष संपत आलं की वर्गीकरण करून ते पैसे रस्त्याच्या डांबराकडे वळवता येणार नाहीत असा ठराव हवा. त्यातून चार-पाच जणांचा कायम कक्ष, प्रत्येकाची नेमणूक किमान पाच वर्षांची. सल्लागाराचं अर्धं मानधन अहवालावर आणि उरलेलं प्रकल्प वर्षभर ठरलेल्या क्षमतेने चालल्यावर. प्रत्येक अहवाल मराठीत, जाहीर, प्रभाग कार्यालयात पाहायला मिळणारा. उद्या केंद्राने सौर शहरासारखी योजना पुन्हा आणलीच, तर पुण्याने तिच्याकडे पॅनेलऐवजी या कक्षाचे पगार मागावेत.

पहिलं काम कुठून सुरू करावं याबद्दल मला शंका नाही: पाण्याच्या पंपांपासून. महापालिकेची मोठी वीज जाते ती पाणी शुद्ध करण्यात आणि उचलण्यात, आणि हा भार वर्षाचे बारा महिने राहतो. जून 2022 च्या हरित ऊर्जा मुक्त प्रवेश नियमांनी बाहेरून अशी वीज घेण्यासाठी लागणाऱ्या किमान भाराची मर्यादा शंभर किलोवॉटवर आणली, त्यामुळे पर्वती जलकेंद्राच्या पंपांसाठी सोलापूरच्या उन्हातली वीज विकत घेता येते. ती परवडते का, हे वहन आकार, अधिभार आणि पंप दिवसा किती चालवता येतात यावर ठरेल. साठवण टाक्या पुरेशा असतील तर जास्त पाणी दिवसा उचलून रात्रीचा भार कमी करता येईल. नसतील तर आणखी टाकी बांधणं बॅटरीपेक्षा स्वस्त पडतं का, ते पाहावं लागेल. उच्चदाब ग्राहकांच्या मीटरवर दर पंधरा मिनिटांचा भार नोंदला जातो. ती वर्षभराची नोंद महावितरणकडून मागवायची आणि पंपचालकांच्या पाळीच्या वहीशेजारी ठेवून अभ्यासायची. हे काम कुठल्याही योजनेची वाट न पाहता या महिन्यात सुरू करता येईल.